बादलीवालीचं वजन

दुधाच्या बाटलीचं झाकण ओट्यावरून सुटलं, फरशीवर आपटलं आणि स्वतःभोवती गिरक्या घेत, टणटणटण करत एकदाचं गप्प झालं.

ती जिथल्या तिथे थिजली. आतल्या खोलीत सहा महिन्यांचं गठुडं आत्ता कुठे झोपलं होतं. त्याला कागदोपत्री चांगलं भारदस्त नाव होतं, पण दवाखान्यातून दुपट्यात गुंडाळून घरी आणलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, "हे कुणाचं गठुडं आलंय आपल्याकडे?" आणि ते भारदस्त नाव कागदावरच राहिलं. तिने मनात दहापर्यंत मोजलं. अकरा. बारा. आतून नुसता एक सुस्कारा आला. वाचलो.

मग तिने कपाटामागून बेस गिटार काढली. अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा प्रश्नच नव्हता, आणि नुसती वाजवली तर ती डासासारखी कुणकुणायची. पण गिटारचं डोकं कपाटाच्या दाराला टेकवून धरलं की आख्खं कपाट आतल्या चादरी-दुपट्यांसकट घुमायला लागतं, हा शोध तिला दुसऱ्या बाळंतपणानंतर लागला होता.

"आई, कपाट गुरगुरतंय," टेबलाखालून बटण म्हणाली. बटण म्हणजे थोरली, पाच वर्षांची. नाकावरून पडलेलं नाव.

"गुरगुरू दे. तू चित्र काढ."

"त्याला भूक लागलीय?"

"जागेची लागलीय."

यात थट्टा थोडी होती, खरं जास्त. बँड तिघींचा: ती, औषधांच्या दुकानात गोळ्या मोजणारी ड्रमर आणि नकाशे काढणारी गिटारवाली, जी गायचीही. लग्नाआधीपासूनचा, दोन बाळंतपणं, एक मोडलेलं मनगट आणि तीन घरमालक पचवून टिकलेला. वर्षभर चोरून-मारून मिळवलेल्या दुपारींत त्यांनी चार गाणी पुरी केली होती. रेकॉर्ड निघणार होती, तिची नमुना प्रतही हातात आली होती. तालीम चालायची ड्रमरच्या घरी, आणि नेमके आता तिच्या शेजाऱ्यांनी हात टेकले. ड्रमरने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "हे बघ, मला दुसऱ्या एका बँडने विचारलंय. महिनाअखेरपर्यंत वाजवायला जागा मिळाली तर मी तुमची, नाही तर त्यांची. राग मानू नकोस."

राग कसला मानायचा? जागा होती. अगदी नाकाखाली होती. घराच्या तळमजल्यावर सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, दुरुस्तीचं दुकान होतं. रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, जे जे म्हणून घूं घूं करतं ते सगळं तिथे येई. बटण शाळेत आणि गठुडं टोपलीत असलं की सकाळी तीही खाली बसून सुया बदलायची, पट्टे चढवायची. दुकानामागे एक खोली होती. भिंती दीड हात जाड, खिडकी एक, तीही अंगणाकडे. आत मेलेली यंत्रं छतापर्यंत रचलेली; त्यांचे सुटे भाग काढून बाबा जिवंत यंत्रांना लावायचे. ड्रम बडवायला याहून चांगली खोली सात समुद्र हिंडून मिळाली नसती. तिला ती फक्त बुधवार-शनिवार दुपारची हवी होती.

"खोलीला माझी ना नाही," बाबा जेवताना म्हणाले होते. "पण द्यायची कशासाठी, तर आजकालच्या रॉकसाठी? अगं, त्याला वजन नाही. वारा सुटला तर उडून जाईल."

"बाबा, तुम्ही ऐकलंय तरी कुठे?"

"तुझ्या मोबाइलवर ऐकवलंस की गेल्या आठवड्यात. नुसती पळापळ. कुणाची तरी गाडी चुकत असल्यासारखी."

"मोबाइलवर! किल्लीच्या भोकातून सर्कस बघायची आणि म्हणायचं, हत्ती दिसलाच नाही."

"मग आमच्या बादलीवालीत दिसतो तो हत्ती? भोकातून काय, भिंतीपलीकडून दिसतो."

बादलीवाली म्हणजे त्यांची लाडकी रेकॉर्ड. वेष्टनावर पालथी बादली आणि तिच्यावर बसलेले चार केसाळ तरुण. त्यातलं तिसरं गाणं सात मिनिटांचं. ते लागलं की बाबा हातातलं काम खाली ठेवायचे आणि प्लेअरखालच्या कपाटाच्या लाकडावर तळवा टेकवून डोळे मिटायचे, वैद्याने नाडी धरावी तसे. त्यांचा स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर वर दिवाणखान्यात होता, आणि त्याच्यावर नवी तबकडी चढवायची नाही, हा घरातला कायदा होता.

हा कायदा मोडला तो सासूबाईंनी. सासूबाई निवृत्त पोहण्याच्या शिक्षिका. चाळीस वर्षं पाण्याच्या काठावरून ओरडल्यामुळे त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

"न चाखता मीठ कमी म्हणायचं, ही यांची जुनी खोड," त्या गरजल्या. "रविवारी सकाळी सोक्षमोक्ष लावून टाका. तुमचं एक गाणं, तिचं एक. तुमच्याच यंत्रावर. तिचं हलकं निघालं तर खोलीचं नाव काढायचं नाही. वजनदार निघालं तर खोली तिची."

"माझ्या यंत्रावर?" बाबांनी घास तसाच धरला.

"का, झिजेल?"

तिच्या नवऱ्याने मान खाली घालून सूपकडे पाहिलं. बायको आणि आईवडील यांच्यामध्ये तोंड उघडायचं नाही, एवढं शहाणपण त्याला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात आलं होतं.

रविवारी सकाळी दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या गेल्या. बटण तिकिटं वाटत फिरत होती. गठुडं आजीच्या मांडीवर बसून स्वतःची मूठ खात होतं. आधी बादलीवालीतलं तिसरं लागलं. त्या खर्जातल्या, दमदार, संथ पावलांनी ते आलं आणि खोली भरून बसलं. खोटं कशाला बोला, तिच्याही अंगावर काटा आला. सहा वर्षं या घरात ती ते ऐकत होती. हे लोक तारा इतक्या सैल का बांधत असतील, असं तिला पहिल्यांदा वाटलं होतं. मग सवय झाली.

"आता तुमची पळापळ," बाबा म्हणाले आणि दोन बोटांनी, जणू मेलेला उंदीर धरावा तशी, नमुना प्रत प्लेअरच्या थाळीवर ठेवली.

सुई टेकली. पहिल्या चार ठोक्यांतच बाबांचा तळवा कपाटाकडे गेला. दुसऱ्या कडव्याला डोळे मिटले. तिच्या बेसचा मोठा स्वर आला तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. तिला आनंदाने रडू फुटायच्या बेतात होतं. पण आनंदाच्या पोटात काहीतरी खुपत होतं, बुटात खडा जावा तसं. ड्रमर इतकी रेंगाळतेय का? आणि आपला हात इतका जड कधी होता?

गाण्याच्या शेवटी गठुड्याचा आवाज होता. ध्वनिमुद्रण चाललं असताना ते टोपलीत पडलेलं होतं आणि शेवटचा स्वर विरताना त्याने एक खुदकन हसू सोडलं होतं. तिघींनी ते काढायचं नाही असं ठरवलं. तेच हसू आता स्पीकरमधून आलं.

ते गठुड्याचं नव्हतं.

म्हणजे होतं, पण त्याला थोरला भाऊ असता तर त्याचं असतं तसं. घोगरं, किंचित पोक्त, पायरीवर बसून शेंगा सोलणाऱ्या कुणाचं तरी. त्या हसण्याने रोज पहाटे उठवलेली बाई होती ती. हजार पोरांत तिने आपलं ओळखलं असतं, आणि हे वेगळं होतं.

"वजन आहे," बाबांनी डोळे उघडले. आवाजात नाराजी होती, पण प्रामाणिक नाराजी. "काय म्हणावं आता. बसलंय गाणं. मोबाइलवर ऐकलं ते हेच?"

"हेच," ती कशीबशी म्हणाली.

"खोली तिची!" सासूबाईंनी जाहीर केलं आणि गठुडं दचकून रडायला लागलं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या, आता धोका टळला होता म्हणून. तिने ड्रमरला कळवून टाकलं: जागा मिळाली. उलट उत्तरात मोबाइलवर नुसती ड्रमची चित्रं आली, बावीस.

सोमवारी सकाळी बाबा एक अ‍ॅम्प्लिफायर पोचवायला गेले. ती दुकानातून रेघांची चकती घेऊन वर आली. ही साधी पुठ्ठ्याची चकती, कडेने काळ्या रेघा. फिरत्या थाळीवर ठेवायची आणि ट्यूबलाइटच्या उजेडात बघायची. वेग बरोबर असेल तर रेघा एका जागी थांबल्यासारख्या दिसतात, वेग जास्त असेल तर पुढे पळतात, कमी असेल तर मागे सरकतात. दुकानातून एकही यंत्र या चकतीशिवाय बाहेर गेलेलं नव्हतं. बाबा गिऱ्हाइकांना म्हणायचे, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, रेघांवर ठेवा."

तिने थाळी फिरवली, ट्यूब लावली, वाकून पाहिलं.

रेघा मागे सरकत होत्या. अगदी रमतगमत, पोटभर जेवून फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यांसारख्या.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावाच्या यंत्रांचा वेग तपासणाऱ्याने स्वतःच्या यंत्राला कधी चकती लावलीच नव्हती. तिने थाळी उचलून खाली पाहिलं. मोटरवरची कप्पी, ज्या चिमुकल्या पितळी चाकावरून पट्टा थाळीला फिरवतो ती, कंपनीची नव्हतीच. हाताने कातलेली होती, आणि असायला हवी त्याहून अंमळ बारीक. केसभर. पण कप्पी केसभर बारीक म्हणजे आख्खं गाणं पाऊलभर मागे.

म्हणजे बादलीवालीचं वजन त्या केसभरात होतं. आणि तिच्या गाण्याचंही.

ती खुर्चीत बसली. गप्प राहायचं, की झालं. खोली मिळालेली, ड्रमर टिकलेली, बाबा खूश. कुणाचं काय बिघडतंय? सांगितलं तर दोन्ही जाणार: तिची खोली आणि त्यांची बादलीवाली. तिने थाळी जागच्या जागी ठेवली. चकती पिशवीत टाकली. गठुड्याला पाजलं, भाजी चिरली, बटणला शाळेतून आणलं. आणि दिवसभर जिथे जाईल तिथे ते घोगरं, पोक्त हसू तिच्या मागे मागे. ज्या गाण्यात आपलं पोर आपलं वाटत नाही, त्या गाण्याने जिंकून करायचं काय?

चहाच्या वेळी तिने चकती टेबलावर ठेवली.

"हे काय, कुणाचं यंत्र आलंय?" बाबा म्हणाले.

"तुमचं, बाबा."

बाबा हसले. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले. उठले, थाळी फिरवली, वाकले. बराच वेळ वाकूनच होते.

"ट्यूब खराब आहे," ते शेवटी म्हणाले.

दुसऱ्या खोलीतली ट्यूब आणली. रेघा मागेच.

"चकती जुनी झाली."

खालून नवी चकती आली. मागेच.

"वीज मंद असेल."

"आणि पृथ्वी?" सासूबाई म्हणाल्या. "ती पण आज जरा हळू फिरतेय का बघा."

बाबांनी थाळी उचलली, कप्पीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम तीस वर्षांनी मागे गेला. "त्याने टाकली होती," ते कामावर गेलेल्या मुलाबद्दल, म्हणजे तिच्या नवऱ्याबद्दल, म्हणाले. "दीड वर्षाचा होता. मूळची कप्पी उचलली आणि मोरीत. मी रात्रीत लेथवर दुसरी कातली, अंदाजाने. म्हटलं, नंतर मोजून नीट करू."

"मग केली नाहीत?"

"नंतर दात येत होते त्याला. आम्ही दोघं दोन-दोन तास झोपायचो. नंतर म्हणजे कधी नंतर?" ते तिच्याकडे वळले. "तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे ते नंतर."

तिला माहीत होतं. तिच्या खोलीत त्या 'नंतर'चा एक मोठा ढीग कपाटावर पडलेला होता.

"मला कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि आश्चर्य म्हणजे हळू म्हणाल्या. "आधी त्या तिसऱ्या गाण्यावर नाचताना माझी दमछाक व्हायची. पोर दीडेक वर्षाचं झालं तेव्हापासून ते पायांना बरोबर बसायला लागलं. कडेवर घेऊनसुद्धा नाचता यायचं. मला वाटलं, झोप नाही म्हणून सगळंच हळू ऐकू येतंय. मी कशाला बोलू? चांगलं चाललेलं."

"तीस वर्षं?" बाबा.

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

बाबांनी हत्यारांची पेटी ओढली. कप्पी काढायला बसले. तीस वर्षांपूर्वी घाईत भरमसाट डिंक लावून बसवलेली, ती निघेना. सोल्डरिंगच्या हत्याराचं टोक लावून गरम केली, पक्कडीने हळूच ओढली, आणि टक्क. कप्पीचे उभे दोन तुकडे झाले.

ते खाली गेले. लेथचा आवाज आला, थांबला, आला, थांबला. या वेळी मोजून चाललं होतं. तासाभराने वर आले ते नवी चकचकीत कप्पी घेऊन. बसवली, पट्टा चढवला, चकती ठेवली. रेघा शिस्तीत उभ्या राहिल्या, परेडला उभ्या असल्यासारख्या.

बादलीवालीतलं तिसरं गाणं सुरू झालं आणि बाबा ताडकन म्हणाले, "हा कोण पोरगा?"

कारण तो पोरगाच होता. ज्याला त्यांनी, त्याआधीचं विसरून, तीस वर्षं भरदार छातीचा, दाढीवाला, आयुष्य पाहिलेला माणूस समजलं, तो वीस-बावीसचा, थोडी सर्दी झालेला, घाईत असलेला पोरगा निघाला. त्याच्यामागे ड्रमवाला पळत होता आणि गिटारवाला त्याच्याही पुढे. कुणाची तरी गाडी चुकत होती.

"अंडी कच्ची राहणार आता," सासूबाई म्हणाल्या. अंडी त्या नेहमी त्याच गाण्यावर उकडायच्या.

बाबांनी कपाटावर तळवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. गाणं संपलं. मग त्यांनी नमुना प्रत स्वतःच उचलली. या वेळी कडेने, दोन्ही हातांनी.

तिचं गाणं धावत आलं. ड्रमर रेंगाळत नव्हती, बेस जड नव्हता, उड्या मारत होता. आणि शेवटी जे हसू आलं त्यासरशी आजीच्या मांडीवरचं खरं गठुडं स्पीकरकडे वळलं आणि तसंच्या तसं हसलं. हे तिचं होतं. खोली गेली तर गेली, असं तिला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ड्रमरचे बावीस ड्रम आठवले आणि नाही वाटलं.

"पैज रद्द, बाबा," ती म्हणाली. "त्या कप्पीमुळे जिंकले होते मी."

"रद्द कशी?" बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "मी इतकी वर्षं नव्या गाण्यांना काय म्हणत आलो? पळापळ. आणि माझी बादलीवाली? तीही पळत होती, मीच तिला हात धरून चालवत होतो. आता दोघी एकाच रस्त्यावर पळतायत. पुढे कोण, हे मला एवढ्यात सांगता येणार नाही. निकाल राखून ठेवलाय."

"आणि खोली?"

"निकाल लागेपर्यंत ताबा तुझा. बुधवार-शनिवार." ते उठले. "पण ते मेलेले प्लेअर मी एकटा हलवणार नाही. कंबर धरते. आणि सांगून ठेवतो, निकालाला वेळ लागेल. दर खेपेला ऐकावं लागेल मला. नीट. दाराबाहेर बसून."

"आत बसा की, बाबा."

"आत ड्रम असतील," बाबा म्हणाले. "माझं वय बघ."

सासूबाई हसल्या, आणि एवढ्या मोठ्याने की गठुडं पुन्हा रडायला लागलं. त्याला घेऊन त्या येरझाऱ्या घालू लागल्या. "परत कातून द्या ना एखादी जुन्यासारखी," जाता जाता त्या म्हणाल्या. "माझ्या पायांसाठी."

बाबांनी मान हलवली. "ती अंदाजाने झाली होती. झोपेत. आता मोजल्यावर तशी कशी होईल?"

टेबलावर कप्पीचे दोन पितळी तुकडे पडले होते. बटणने ते उचलले, एकमेकांना जुळवून पाहिले, कानाला लावले. मग कपाटावर, जिथे आजोबा तळवा ठेवतात तिथे, दोन्ही तुकडे ठेवून त्यांच्यावर आपला तळवा ठेवला आणि डोळे मिटले. थोडा वेळ वाट पाहिली. डोळे उघडले.

"आई," ती म्हणाली, "आजी ज्याच्यावर नाचायची ते हळूवालं गाणं होतं ना, ते आता कुठे गेलं?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. रेकॉर्ड वेष्टनात सरकवता सरकवता बाबाही थांबले, आणि नातीइतक्याच उत्सुकतेने तिच्याकडे बघत राहिले.